बाबांचा सीआरपी उतरला, पण ईएसआर अजून ५२ का?

तुम्ही विचारलंय की बाबा सत्तर वर्षांचे, न्यूमोनिया बरा होऊन दहा दिवस झाले, सीआरपी (शरीरात सूज किंवा संसर्ग असला की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल आला पण ईएसआर ५२, तर खरा कोणता?

दोन्ही खरे. मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पावसाळ्यात हा प्रश्न काउंटरवर दिवसाआड येतो.

ईएसआर म्हणजे तांबड्या पेशी उभ्या नळीत तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढंच. एरवी या पेशी ऋण भारामुळे एकमेकींना लांब ठेवतात आणि सावकाश बसतात. रक्तात फायब्रिनोजेन वाढलं की त्या चिकटतात, स्लाइडवर नाण्यांच्या चळती लावल्यासारख्या दिसतात. चळत जड, म्हणून भराभर तळाला जाते.

फायब्रिनोजेन हे ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडलेलं प्रथिन. यकृत ते बनवून रक्तात सोडतं, रक्त गोठायला ते लागतंच. फुफ्फुसात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचं निरोप पोचवणारं प्रथिन सोडतात. ते यकृताच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला बसलं की आत स्टॅट-३ हे प्रथिन जागं होतं, केंद्रकात जातं आणि फायब्रिनोजेनची जनुकं जोरात कामाला लावतं. एरवी डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असणारं प्रमाण दुपटीवरही जातं. सीआरपीलाही हाच निरोप मिळतो. म्हणून तर हा रिसेप्टर अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध चालू असलेल्या संधिवाताच्या पेशंटमध्ये संसर्ग असूनही दोन्ही आकडे गप्प बसू शकतात.

फरक पडतो तो निरोप थांबल्यावर. सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं होतं, फायब्रिनोजेनला चारेक दिवस लागतात. त्यात हिमोग्लोबिन कमी असेल तर ईएसआर आणखी चढतो. शिवाय पुरुषांसाठी ढोबळ हिशेब वयाच्या निम्मा, म्हणजे बाबांना ३५ पर्यंत चालतो.

आमच्याकडूनही घोळ होतो बरं का. नळी तीन अंश कलली तरी आकडा ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. नवीन असताना मी नळ्यांचा स्टँड सेंट्रिफ्यूजच्याच (सॅम्पल्स गरगर फिरवणाऱ्या यंत्राच्या) टेबलावर ठेवला होता, टेबल थरथरतंय हे लक्षातच आलं नाही. सरांनी सकाळची सगळी सॅम्पल्स पुन्हा लावायला लावली.

दर दोन दिवसांनी ईएसआर करणं मला तरी पैसे घालवणं वाटतं. बाबा बरे असतील तर तीन-चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये करा, सोबत हिमोग्लोबिनही बघा. मध्येच ताप आला किंवा वजन उतरू लागलं, तर मात्र तेवढं थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.