पुण्यात थंडीसाठी घराची काय तयारी करावी? नुकतेच कोकणातून राहायला आलो आहोत.

हीटर वगैरे लगेच घेऊ नका. पुण्यात दुपारी चांगलं ऊन असतं, गारठा पहाटेचा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. पाषाण किंवा एनडीएकडे (खडकवासल्याजवळची लष्करी प्रबोधिनी) राहत असाल तर शहरापेक्षा जास्तच कुडकुडाल.

आधी बाथरूम बघा. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या आत नकोच. बाहेर, ड्राय बाल्कनीत हवा. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो, त्याला ना वास ना रंग, चक्कर येईपर्यंत कळतही नाही. थंडीत लोक नेमकी खिडकी घट्ट लावून घेतात आणि घात होतो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की वापर थांबवून सर्व्हिसिंग करून घ्या. नळी जुनी असेल तर तीही बदला. विजेचा गिझर असेल आणि पाणी बोअरचं, तर कॉइलवर क्षार साचतात. एकदा उघडून साफ करून घ्या.

रजया, गोधड्या गच्चीवर दोन्ही बाजूंनी कडक ऊन दाखवून मगच काढा, नाहीतर पावसाळ्यातला कुबट वास रात्रभर नाकात. स्लायडिंग खिडक्यांच्या फटींना ब्रशपट्टी, दाराखाली जुनं पायपुसणं, झालं. दुपारी मात्र सगळं सताड उघडा, घर आपोआप तापतं.

फरशी फार गार पडते. घरात आजी-आजोबा असतील तर पलंगाशेजारी सतरंजी टाकाच.