बोअरमधला तांबडा थर आणि शेल गॅस

प्रश्न : औसा तालुक्यात बोअर घेताना काळ्या पाषाणाखाली तांबडा, मऊ थर लागला. हाच शेल का? खाली गॅस असेल का?

उत्तर : तो शेल नव्हे; शेल म्हणजे बारीक चिखल साचून, दाबला जाऊन झालेला खडक. लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात वरचा खडक झिजून ती तांबडी माती झाली. तिच्यात सेंद्रिय अंश जवळपास नसतोच, आणि गॅसचा कच्चा माल तोच.

शेल गॅससाठी बारीक चिखल साचावा लागतो, तोही प्राणवायू नसलेल्या तळाशी. नाहीतर मेलेलं शेवाळ गाळात टिकण्याआधीच कुजून जातं. साधारण २ टक्के सेंद्रिय कार्बन हवा. गाळ गाडला गेला की त्यातल्या सेंद्रिय अंशाचं केरोजेन, म्हणजे तेल-गॅस देणारा घन सेंद्रिय पदार्थ, होतं. ६० ते १२० अंश सेल्सिअसला त्यातून मुख्यतः तेल सुटतं, त्यापुढे गॅस. किलोमीटरमागे २५-३० अंश वाढ धरली, तर १२० अंशांसाठी तीन-चार किलोमीटर खोली लागते. तापमान फारच चढलं, तर गॅसही संपत येतो. शेलची छिद्रं इतकी सूक्ष्म, की बराच गॅस जागीच अडकतो, काही तर सेंद्रिय कणांनाच चिकटून बसतो. म्हणून आडवी विहीर खोदून, दाबाच्या पाण्याने खडक फोडावा लागतो.

तुमच्या भागाचा पुरावा किल्लारीचा. १९९३च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर छिद्र घेतलं : ३३८ मीटर बेसाल्ट (म्हणजे तोच काळा पाषाण), जेमतेम ८ मीटर गाळखडक, मग थेट ग्रॅनाइटी पाया. इथे गॅसची आशा धरू नका.

बोअरमधून बुडबुडे आले, तरी काडी पेटवून पाहू नका.