दशम्या पिशवीत, मिसळ पोटात

प्रिय चिऊ,

तुझा नाशिकहून आलेला कालचा लांबलचक निरोप मी इथे बर्मिंगहॅमला दोनदा वाचला. तू लिहिलंस, "आई, सप्तशृंगी गडावर जाताना आजीनं वीस दशम्या नि लसणाची चटणी बांधली. वाटेत गाडी थांबली तर सगळ्यांनी मिसळ खाल्ली, आजीनंसुद्धा! मग दशम्या केल्याच कशाला? आणि माझ्या वर्गातले म्हणतात, इंडियन लोक रोज करी खातात. ती नाशकात कुठेच का नाही?"

आधी दशम्यांचं सांगते. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ लागते, आणि सोबत चटणी असली की झालं, भाजीवाचून अडत नाही. एस.टी. रात्रीबेरात्री कुठेही बंद पडायची, त्या काळात ही शिदोरी मोठा आधार होती. पण दुसरंही एक कारण होतं आणि ते तुझ्यापासून लपवायचं नाही. सोवळं पाळणारी माणसं म्हणायची, पाण्यात भिजवलेलं अन्न ओवळं होतं, दुधातलं चालतं. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, हे तेव्हा जातीवर ठरायचं. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगवेगळं मिळायचं. पंचवटीतलं काळाराम मंदिर तू पाहिलंस ना? तिथे सगळ्यांना आत जाता यावं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळची प्रवासाची शिदोरी आणि देवळाचं बंद दार, दोन्हींमागे एकच भेदभाव होता. आजी तसलं काही मानत नाही. नातीला वाटेत भूक लागेल एवढंच तिच्या मनात असतं. म्हणून ती दशम्याही बांधते आणि वाटेत मिसळही खाते. मला तिचं हे फार आवडतं.

आता करी. आपल्या घरात वरण असतं, आमटी असते, पिठलं, उसळ, रस्सा, कालवण असतं. यातल्या कशालाच आपण करी म्हणत नाही. इंग्रजांनी इथल्या शेकडो पातळ पदार्थांना मिळून ते एकच नाव दिलं आणि त्याची डब्यातली पावडरही केली. पुढे ब्रिटनमध्ये 'इंडियन' पाटीची जी रेस्टॉरंटं निघाली, त्यातली बरीचशी सिल्हेटच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, माणसांनी कष्टानं उभी केली. आपल्या बर्मिंगहॅमची 'बाल्टी', म्हणजे कढईत शिजवून कढईतच वाढतात तो रस्सा, तर १९७०च्या दशकात इथल्याच पाकिस्तानी स्वयंपाक्यांनी वर आणली. २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात चिकन टिक्का मसाल्याला खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं होतं. तेव्हा तुझ्या वर्गातली मुलं ज्याला आपलं जेवण म्हणतात, ते बरंचसं त्यांच्याच गावचं आहे. त्यांना हे रागानं सांगू नकोस. गोष्ट म्हणून सांग, ऐकतील.

आणि आपलं 'आपलं' तरी किती जुनं? परवा सोमवारी आजीचा श्रावणी उपास होता, तेव्हा तू साबुदाण्याची खिचडी खाल्लीस. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून. कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चौघंही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या आधी आपल्याकडे कुणी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. आज मात्र तेच उपासाला चालतात आणि रोजची पोळी चालत नाही! गडाच्या वाटेवर खाल्लेल्या मिसळीतला पावही पोर्तुगिजांचा, शब्दासकट. तरी मटकीची उसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजूला पापड नि दही असं ताट समोर आलं की नाशिककर त्याला परकं म्हणेल का?

माझं एक सांगायचं राहिलंय. मी नवीन नवीन इकडे आले तेव्हा एकदा रेल्वेनं एडिंबरोला चालले होते. डब्यात मेथीच्या दशम्या होत्या, लसणाची चटणी होती. डबा उघडला, वास सुटला, समोरच्या बाईंनी वर पाहिलं आणि मी झाकण लावून टाकलं. सहा तास उपाशी बसले. ती बाई काही बोललीसुद्धा नव्हती. पुढे आपण स्पेनला गेलो, तेव्हा समुद्रकाठी सगळीकडे 'इंग्लिश ब्रेकफास्ट'च्या पाट्या होत्या आणि इंग्रज कुटुंबं तिथे बसून अगदी आनंदानं बेक्ड बीन्स खात होती. आपल्याकडच्या युरोप सहलींत वरणभात मिळावा म्हणून सोबत स्वयंपाकी महाराज नेतात, त्याला लोक हसतात. मला त्या दिवसापासून हसू येत नाही. घरापासून लांब, थकल्यावर, माणसाला ओळखीचा घास हवासा वाटतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस नवं काही चाखून बघतो. तूही तिथे दोन्ही कर.

उरलेल्या दशम्यांचं आजीनं काय केलं ते कळव. बहुतेक तूप-गूळ घालून कुस्करा केला असेल, तो मला फार आवडायचा. आणि येताना पेढे आणू नकोस, दुधाचे पदार्थ इकडे आणू देत नाहीत. चिवडा आण, दोन किलो. लोणच्याची बरणी आजोबांकडून नीट बांधून घे आणि मोठ्या बॅगेतच ठेव, हातातल्या पिशवीत नको.

तुझी,
आई