रिपोर्टमध्ये कारण लिहिलेलं नसतं

प्रश्न : वय २४, बीड जिल्हा. मी गे आहे. दोन महिन्यांपूर्वी एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालो. सरकारी दवाखान्यात गावातलं कुणी ना कुणी भेटतंच, म्हणून गोळ्या सुरू केल्या नाहीत. दसऱ्यानंतर घरच्यांसोबत ऊसतोडीला जायचंय.

उत्तर : दोन महिने गेले तेवढे पुरे. बीडलाच जायला हवं असं नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जा, एआरटी केंद्र म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र तिथेही आहे. घाटीच्या गर्दीत कोण कुणाकडे बघतंय? गोळ्या फुकट असतात. २०१७ पासून सीडीफोर पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी होण्याची वाट न पाहता सगळ्यांनाच उपचार सुरू करतात.

तोडीला जाणार हे पहिल्याच भेटीत सांग. मग कारखान्याजवळच्या केंद्रावर तुझे कागद पाठवता येतात. लाजेपायी न सांगता गेलेली पोरं पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर परत येतात, तोवर गोळ्यांत खंड पडलेला असतो आणि विषाणू वाढलेला. तोडीवरच्या कोपीत, त्या झोपडीत लपवायचं कसं, हा पुढचा प्रश्न असणारच. डब्यावरचं लेबल काढून टाक, पण गोळ्या त्याच डब्यात राहू दे, त्यांना ओल चालत नाही. कुणी विचारलंच तर ‘डॉक्टरनं दिल्यात’ एवढं सांग. खोटं काय त्यात?

प्रश्न : वय ३८, परभणी. लग्न झालंय, दोन मुलं आहेत. पुरुषांशी संबंध येतात, हे बायकोला माहीत नाही. मी पॉझिटिव्ह आहे. तिला सांगितलं तर सगळंच उघडं पडेल.

उत्तर : सगळंच पडत नाही. तुम्ही दोन गोष्टींची एकच गाठ मारून बसला आहात. आजार झालाय ही एक गोष्ट, आणि तो कसा झाला ही दुसरी. पहिली कळण्याचा तिला हक्क आहे, कारण तिच्या जिवाशी गाठ आहे. दुसरी केव्हा सांगायची, सांगायची की नाही, हे तुम्ही ठरवा. रिपोर्टमध्ये कारण लिहिलेलं नसतं.

सांगायचं धाडस होत नसेल तर समुपदेशकासमोर दोघं बसा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही माहिती इतरांना देता येत नाही. मात्र समजावूनही तुम्ही बायकोला सांगितलं नाही आणि तिला धोका आहे असं दिसलं, तर डॉक्टर किंवा समुपदेशक तिला सांगू शकतात. परक्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू द्या.

तोवर कंडोम. गेल्या तीन दिवसांत त्याशिवाय संबंध आला असेल तर हे वाचणं थांबवा आणि तिला दवाखान्यात न्या. ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टळू शकते. तिची तपासणी आधी, ती पॉझिटिव्ह आली तरच मुलांची.

आणि सलूनवाल्याच्या वस्तऱ्यावर ढकलू नका. आमच्या भागात निम्मा एचआयव्ही त्या बिचाऱ्याच्या नावावर आहे! ‘कसं झालं ते आत्ता सांगता येत नाही’ म्हणालात तर उद्या बोलायला तोंड राहतं. खोटं उघडं पडलं की ते राहत नाही.

प्रश्न : एचआयव्हीची डोल्युटेग्रॅव्हिरवाली गोळी चालू आहे. ॲसिडिटीचं पातळ औषध चालेल का?

उत्तर : चालेल, पण सोबत नको. गोळी आधी, औषध दोन तासांनी. औषध आधी पोटात गेलं असेल तर गोळीसाठी सहा तास थांबा.

प्रश्न : वय २९, लातूर. आम्ही दोघं पुरुष चार वर्षांपासून सोबत आहोत. मी पॉझिटिव्ह, तो निगेटिव्ह, त्याला सगळं माहीत आहे. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दीड वर्षापासून तपासणीत सापडत नाही. तो घाबरत नाही, मीच घाबरतो. त्याचं ताटसुद्धा वेगळं ठेवतो.

उत्तर : ताटाने एचआयव्ही कधीच पसरला नाही, गोळ्या नव्हत्या त्या काळातही नाही. शरीरसंबंधाचं सांगतो. २०१९ मध्ये युरोपातल्या ७८२ समलिंगी जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक पॉझिटिव्ह, पण व्हायरल लोड २०० च्या खाली, दुसरा निगेटिव्ह. कंडोमशिवाय ७६ हजारांवर संबंध आले. पंधरा जणांना लागण झाली, पण विषाणू जुळवून पाहिले तेव्हा एकालाही ती जोडीदाराकडून झालेली नव्हती.

आकड्याने भीती लगेच जात नाही, हे मला ठाऊक आहे. पुढच्या व्हायरल लोडचा रिपोर्ट आणायला त्याला सोबत न्या आणि समुपदेशकासमोर हाच प्रश्न पुन्हा विचारा. झोप उडाली असेल तर १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी मात्र दोघांनी करत राहा, त्याला या गोळ्या अडवत नाहीत.