दहा चाचण्या की एकच?

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी मोबाइल जास्त आणि कमी वापरणाऱ्या मुलांची झोप, चिंता, एकाग्रता अशी दहा मापं घेतली. दहा टी-चाचण्यांपैकी (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणाऱ्या) एकीत फरक सापडला. सर म्हणतात, मॅनोव्हा (सगळी मापं एकत्र धरून गट ताडणारी चाचणी) कर. का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अगं, एका चाचणीत उगाच फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के धरतो, दहा स्वतंत्र चाचण्यांत एकदा तरी फसण्याची शक्यता 40 टक्के होते! त्यात तुझी मापं एकमेकांत गुंतलेली. झोप उडाली की चिंता वाढणारच. (पेपर तपासताना माझंही तसंच व्हायचं.) संख्याशास्त्रज्ञ हॉटेलिंग यांनी 1931 मध्ये हा गुंता धरूनच दोन गट एकदम ताडण्याची रीत दिली. गट दोनच असले की मॅनोव्हा म्हणजे तीच. मात्र एकूण मुलं वीसच असतील, तर दहा मापांचा हट्ट सोड; इतक्या थोड्या मुलांवर एवढा गुंता नीट मोजता येत नाही.