इन्सुलिनच्या शोधाचे श्रेय एकट्या बँटिंग यांना देणे योग्य आहे का?

माझ्या मते नाही. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्येच दाखवले होते. १९२१ साली टोरांटो विद्यापीठात, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या (इन्सुलिन असलेल्या) अर्काने मधुमेही कुत्र्यांच्या रक्तातील साखर उतरते हे दाखवून दिले. मात्र ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला टोचलेला पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. साखर थोडीच उतरली आणि सुई टोचलेल्या जागी गळू झाले. २३ जानेवारीपासून जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क देण्यात आला, तेव्हा साखर झपाट्याने खाली आली आणि उपासमारीसारख्या पथ्यावर कसाबसा तग धरून असलेला तो मुलगा त्यानंतर आणखी तेरा वर्षे जगला. कॉलिप यांचे नाव सहसा घेतले जात नाही, याचे म्हणूनच मला मनापासून वाईट वाटते. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड या दोघांनाच मिळाले. बँटिंग यांनी आपली रक्कम बेस्ट यांच्यासोबत, तर मॅक्लिऑड यांनी कॉलिप यांच्यासोबत वाटून घेतली.