बाजार पडला की पहिला फोन तुझा असू दे

म्युच्युअल फंड विकण्यासाठी लागणारी एनआयएसएमची परीक्षा पास झालास, एआरएन म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक हातात आला, मनापासून अभिनंदन! कार्डावर मात्र 'सल्लागार' छापू नकोस. बाजाराची नियामक असलेल्या सेबीकडे तशी नोंदणी नसेल तर आपण म्युच्युअल फंड वितरकच.

काका-मामांच्या एसआयपी झाल्या की गाडी अडते, सगळ्यांचीच. तेव्हा घाबरून जास्त कमिशनची पॉलिसी कुणाच्या गळ्यात मारू नकोस.

खरी परीक्षा पुढे असते. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 अंकांहून जास्त कोसळला. काय बोलावं सुचेना, म्हणून मी दोन दिवस फोनच उचलले नाहीत. एका निवृत्त शिक्षिकेने तोट्यात सगळे पैसे काढून घेतले. त्याच वर्षी डिसेंबरअखेर सेन्सेक्स सावरून 47,000 च्या वर होता. त्यांच्या घरावरून जाताना अजून माझी मान खाली जाते. तेव्हापासून बाजार पडला की मीच फोन करतो: "ताई, मुलीच्या कॉलेजला अजून सात वर्षं आहेत ना? मग हप्ता चालू ठेवू."

आणि केवायसी, नॉमिनीची कामं टाळू नकोस. परवा एकांकडे नॉमिनीचा फॉर्म भरत बसलो होतो, तर शेजारच्या काकूही आपली प्लास्टिकची फाईल घेऊन आल्या.